मिडवाइफ असलेल्या आईचं आयुष्य लिहायचं, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, होती, जवळपास सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. तिला जाऊन आता वर्ष होईल. पहिल्या स्मृतिदिनाला घरचे मिळून एक छोटी पुस्तिका काढताय आणि मुख्य लेख तुमच्या वाट्याला आलाय. लिहायला बसलं की 'हजारो बाळांची आई', 'सेवेची मूर्ती' यापुढे गाडी सरकत नाही. शेवटी तुम्ही जरा दबकतच विचारलंय की लहानपणी ती घरी फारशी नसायची, त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, तर ते लिहावं का? बहीण म्हणते, अजिबात नको.

मी स्वतः मिडवाइफ. आधी वॉर्डात होते, मग विद्यार्थिनींना शिकवलं. आता बरीच वर्षं निवृत्त सहकाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करते आणि त्यांच्या घरच्यांना असे लेख लिहायला मदत करते. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. तिची मिडवाइफगिरी आणि तिचं आईपण एकाच वाक्यात बसवायचा तुमचा प्रयत्न चाललाय. 'ती सगळ्यांचीच आई होती' असं लिहिलं की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. शिकून, चुकत-माकत, वर्षानुवर्षं हात बसवून मिळवलेलं कौशल्य मायेच्या खात्यावर जमा होतं. जणू प्रेमळ बाई असली की बाळंतपण करता येतं. आणि तुमच्या घरातली आई, जिच्याबद्दल तुम्हाला काहीतरी खास ठाऊक आहे, ती गर्दीत वाटली जाते. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की निदान मसुद्यात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एका वहीत तिचं काम, दुसऱ्या वहीत घर. त्यांचा सांधा कुठे जुळतो ते नंतर आपोआप दिसतं.

कामाची वही भरणं जास्त अवघड, कारण ते काम बाहेरून दिसतच नाही. सर्जनबद्दल लिहिताना 'अमुक ऑपरेशन केलं' असं सांगता येतं. मिडवाइफची चांगली रात्र म्हणजे काहीच न घडलेली रात्र. बाई मोकळी झाली, वार (प्लॅसेंटा) पडली, बाळ छातीशी लागलं, सकाळी चहा. यात सांगण्यासारखं काय, असं घरच्यांना वाटतं. खुद्द मिडवाइफांनाही वाटतं. 'काही विशेष नाही गं, नॉर्मल होती' हे मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय. पण ती नॉर्मल राहिली कशी, हाच तर तुमच्या लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल बाळ बाहेर आल्यानंतरचा वेळ घ्या. नातेवाइकांच्या लेखी तिथे गोष्ट संपते, मुलगा की मुलगी एवढंच विचारायचं उरतं. मिडवाइफ मात्र तेव्हाच सर्वांत सावध असते. बाळंतपणातला जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा याच टप्प्यावर सुरू होतो, वार सुटताना आणि सुटल्यानंतर. ती गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देते. एक हात ओटीपोटावर ठेवून दुसऱ्या हाताने नाळ हलकेच, सलग ताणत राहते आणि गर्भाशय आकसायची वाट पाहते. घाईने ओढलं तर वार तुटायची किंवा गर्भाशयच उलटं खाली यायची भीती. वार आली की ती ट्रेमध्ये पसरून उलटसुलट करून बघते, एखादा तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करते. मग पोटावरून गर्भाशय चाचपते. ते कडक, गोल लागलं तर जीव भांड्यात पडतो. मऊ, पसरट लागलं तर चोळायला सुरुवात. 500 मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो अतिस्राव, ही पुस्तकातली व्याख्या. पण चादरीवर, गादीत, बादलीत मिळून किती गेलं याचा अंदाज अनुभवी नजरच बांधते. आणि हे सगळं चालू असताना ती बाळंतिणीशी बाळाच्या जावळाबद्दल बोलत असते, कारण तिला घाबरवून काही मिळत नाही.

असा एक परिच्छेद तुमच्या लेखात आला, त्यात तुमच्या आईची एखादी खास लकब असली, तर 'निष्णात', 'सेवाभावी' वगैरे विशेषणांची गरजच पडणार नाही. तुम्हाला हे लिहिता येणार नाही असं वाटेल. येतं. त्यासाठी तिच्या सहकाऱ्यांना गाठावं लागेल.

सहकाऱ्यांना 'तिच्याबद्दल काही सांगा' असं विचारू नका. 'फार चांगली होती, कधी कुणाला दुखावलं नाही' हे ठरलेलं उत्तर मिळेल आणि तुम्ही हात हलवत परत याल. माझ्या कामात मी असे प्रश्न विचारते: तिच्यासोबत ड्युटी लागली की काय वेगळं असायचं? विद्यार्थिनींना ती कशावरून ओरडायची? डॉक्टरांना लवकर बोलवायची की शेवटपर्यंत वाट पाहायची? दिवस भरलेल्या बाईला ती चालायला लावायची की झोपवून ठेवायची? डॉक्टरांचा प्रश्न तर सोडूच नका. नॉर्मल कुठे संपलं हे ओळखणं आणि वेळेत हाक मारणं, यातच मिडवाइफचा निम्मा कस लागतो. उगाच बोलावलं तर वरिष्ठांची बोलणी, उशीर झाला तर बाईच्या जिवाशी खेळ. तिने कुणाचा रोष पत्करून रात्री फोन केले का, हे एखादी जुनी सहकारी सांगू शकेल.

आणखी एक, जे मला फार उपयोगी पडलंय. 'सांगा' म्हणण्यापेक्षा 'दाखवा' म्हणा. एका वयोवृद्ध सिस्टरांकडे मी गेले होते. आठवणी विचारल्या की 'आता काही लक्षात नाही बाई' एवढंच. माझ्या पिशवीत शिकवण्याच्या काळातलं लाकडी पिनार्ड होतं, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं नरसाळं. 1895च्या सुमारास फ्रेंच डॉक्टर आडोल्फ पिनार यांनी ते रूढ केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने कडेवरून एक चक्कर मारली, तडा नाही ना बघितलं, कान टेकवून दोन्ही हात बाजूला घेतले आणि मला म्हणाल्या, 'हात लावून धरलंस की हाताचाच आवाज ऐकू येतो, किती वेळा सांगायचं?' समोर कुणी विद्यार्थिनी नव्हती. त्यानंतर त्या बराच वेळ बोलत होत्या: पायाळू बाळ कसं ओळखायचं, ठोके नाभीच्या वर लागले की संशय कसा घ्यायचा, कळ ओसरतानाचे ठोके का महत्त्वाचे. तुमच्याकडे आईची कात्री, घड्याळ, टेप, कॅप, काहीही असेल तर सहकाऱ्यांकडे जाताना सोबत न्या.

आता कागदपत्रं. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: ती रुग्णालयात होती की घरोघरी जायची, कोणत्या दशकात शिकली, संस्थेने जुनी रजिस्टरं ठेवलीत की रद्दीत गेलीत. घरात मात्र नक्की शोधा. शिक्षणाच्या काळातली केस बुक, नोंदणी प्रमाणपत्र, बदलीचे आदेश, जुन्या डायऱ्या. विद्यार्थिनी असताना प्रत्येकीला ठरावीक बाळंतपणं बघून आणि करून त्यांच्या नोंदी लिहाव्या लागतात. ती वही बऱ्याच जणी जन्मभर जपून ठेवतात. त्यातलं अक्षर, तपासणाऱ्या शिक्षिकेचे लाल शेरे, यांतून विशीतली ती दिसते. त्या वयातली आई तुम्ही कधी पाहिलेली नाही.

तिचं शिक्षण कोणत्या काळात झालं हे समजून घ्या, कारण बाळंतपणाचं शास्त्र तिच्या डोळ्यांदेखत बदललं असणार. प्रसूती कशी पुढे सरकते याचा आलेख अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांनी 1954 मध्ये मांडला. 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) त्यावर सावधतेची आणि कृतीची अशा दोन रेघा आखल्या. गर्भाशयमुख तासाला एक सेंटिमीटर या गतीने उघडत नसेल तर सावध व्हा, त्यापुढे चार तासांची रेघ ओलांडली तर हालचाल करा, असा त्याचा मथितार्थ. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या आलेखाचा, म्हणजे पार्टोग्राफचा, जगभर प्रसार केला आणि 2020च्या नव्या मार्गदर्शिकेत तीच सावधतेची रेघ काढूनही टाकली, कारण प्रत्येक बाईचं शरीर त्या गतीने चालत नाही हे लक्षात आलं. ज्या मिडवाइफने आयुष्यभर ती रेघ मारली, तिला निवृत्तीनंतर हे कळल्यावर काय वाटलं असेल? काही जणी म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं, बाई बघून कळतं. काही जणी चिडतात.

तसंच एनिमा, केस काढणं आणि बाळाला वाट व्हावी म्हणून योनीमुखाशी सरसकट दिली जाणारी चीर यांचं. एके काळी हे शिस्तीचं लक्षण मानलं जायचं. 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एनिमा आणि केस काढणं सरळ बंद करण्याजोग्या गोष्टींत टाकलं आणि चीर सर्रास दिली जाते म्हणून आक्षेप घेतला. नाळ पूर्वी लगेच कापत. आता निदान एक मिनिट थांबतात, म्हणजे वारेतलं रक्त बाळाकडे जातं. तुमच्या आईने शिकलेल्यापैकी काय सोडून दिलं, कधी सोडलं, कुणाचं ऐकून सोडलं? की नियम यायच्या आधीच, स्वतःच्या अनुभवावरून? याचं उत्तर मिळालं तर ती नुसती कष्टाळू नव्हती, विचार करणारी होती, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आकड्यांबद्दल जरा कडक बोलते. 'दहा हजार बाळंतपणं केली' अशी वाक्यं मला सगळ्या स्मृतिलेखांत भेटतात. मोठ्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईच्या देखरेखीखाली बरीच मोठी संख्या होऊ शकते, पण स्वतःच्या हातांनी केलेली, विद्यार्थिनीच्या मागे उभं राहून करवून घेतलेली आणि फक्त ड्युटीवर असताना झालेली, ही तीन वेगवेगळी खाती आहेत. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंडमध्ये कॅथरीना श्रेडर नावाची सुईण होऊन गेली. 1693 ते 1745 अशी बावन्न वर्षं तिने प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली. त्या नोंदी तीन हजारांच्या थोड्या वर जातात. अमेरिकेत मेन प्रांतात केनेबेक नदीकाठी राहणाऱ्या मार्था बॅलर्डने 1785 ते 1812 डायरी लिहिली, त्यात 816 जन्म आहेत. दोघी ज्या-त्या काळातल्या अव्वल सुईणी. त्यामुळे तुमच्याकडे नोंद नसेल तर आकडा टाकूच नका. 'त्या भागातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखाली जन्मल्या' हे खरं असेल तर तेवढं पुरे. जाणकार वाचकाला फुगवलेला आकडा पहिल्या परिच्छेदातच खटकतो आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

या दोघींचा उल्लेख मी आकड्यांपुरता केला नाही. दोघींनाही स्वतःची मुलं होती, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट तिथून जाते.

श्रेडरचा नवरा शल्यवैद्य होता. तो 1692 मध्ये वारला तेव्हा पदरात सहा मुलं. पुढच्याच वर्षी ती हिवाळ्यात घराबाहेर पडून बाळंतपणं करायला लागली. तिच्या नोंदवहीत मिळालेल्या मोबदल्याचा हिशेबही आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या स्मृतिलेखांतून पगार गायब असतो. सेवा, त्याग, समर्पण सगळं येतं. त्या नोकरीवर घर चाललं, फी भरली गेली, कर्ज फिटलं, हे येत नाही. तुमच्या आईने पैसे मिळवले असतील तर ते लिहा. त्याने तिचं समर्पण कमी होत नाही, आणि ती रात्री घराबाहेर का होती याचं निम्मं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

मार्थाची गोष्ट आणखी जवळची. तिला नऊ मुलं झाली, त्यातली तीन 1769च्या घटसर्पाच्या साथीत काही दिवसांच्या अंतराने गेली. डायरी सुरू होते तेव्हा ती पन्नाशीत होती. त्या डायरीत हवामान, सूतकताई, विणकाम, कुणाच्या घरी किती रात्री काढल्या, हे सगळं एकाच दमात येतं. बरीच वर्षं इतिहासकारांना ती किरकोळ घरगुती टिपणं वाटली. पुढे नीट अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तिची सर्वाधिक धावपळीची वर्षं आणि घरात कामाला हाताशी मुली असण्याची वर्षं एकच आहेत. माग मुली चालवत होत्या म्हणून आईला नदी ओलांडून जाता येत होतं. मुलींची लग्नं होऊन त्या गेल्या तेव्हा घरच्या कामाचं ओझं तिला जाणवायला लागलं.

आता हे तुमच्या घरावर लावून बघा. आई रात्रपाळीला गेली की घर कोण बघायचं? आजी, वडील, शेजारची कुणी, की थोरली बहीण? बहिणीला नको वाटतंय त्यामागे हेही असू शकेल की तिने त्या वयात जे केलं ते कुणी कधी मोजलं नाही, आणि आता ते 'आईची अनुपस्थिती' या मथळ्याखाली येणार. मी तुमच्या बहिणीला ओळखत नाही, हा अंदाज आहे. पण तिला 'लिहू का नको' असं विचारण्याऐवजी 'तेव्हा तू काय काय करायचीस?' असं विचारून बघा. मग संभाषण वेगळ्या रस्त्याने जाईल.

रागाबद्दल मी एवढंच सांगेन की राग लिहू नका, ज्यावरून राग आला ते लिहा. 'आई आमच्यासाठी कधी नव्हतीच' हा निकाल झाला, आणि निकालावर घरात भांडणं होतात. 'माझ्या बक्षीस समारंभाला ती आली, पण युनिफॉर्मवर, शेवटच्या रांगेत, आणि माझं नाव यायच्या आधी डोळा लागला होता' ही साक्ष आहे. (हे वाक्य माझं, उदाहरणापुरतं, तुमच्याकडे तुमचं असेल.) साक्षीशी कुणी वाद घालत नाही. शिवाय त्यात दोघंही दिसतात, वाट पाहणारं मूल आणि रात्रभर उभी राहून आलेली बाई. मुलांना अशा आईचं जे ठाऊक असतं ते बहुतेक कानानाकाचं असतं: पहाटे लॅचचा आवाज, हातांना येणारा जंतुनाशकाचा वास, दिवसा पडदे ओढलेली खोली आणि 'हळू बोल, आई झोपलीय'. वॉर्डातल्या कुठल्याच सहकारीणीला हे सांगता येणार नाही. तुमच्या लेखाची ती बाजू फक्त तुमच्याकडे आहे, ती 'घराकडे थोडं दुर्लक्ष झालं पण' अशा अर्ध्या वाक्यात उरकू नका.

बहिणीचं तरीही नाहीच असेल, तर दोघांचं मिळून एक गुळमुळीत पान लिहिण्यापेक्षा दोन पानं छापा, दोन नावांनी. विसंगत वाटली तरी चालतील. एकाच आईची दोन मुलं तिच्या वेगवेगळ्या वयात वाढतात; एकाला नवशिकी, धास्तावलेली मिळते, दुसऱ्याला सीनियर, स्वतःच्या ड्युट्या ठरवणारी. वडील हयात असतील किंवा जुन्या एखाद्या प्रकरणाने कुणी अजून दुखावलेलं असेल, तर मात्र पुस्तिकेत किती आणि घरच्या वहीत किती याचा विचार वेगळा करावा लागेल. तो निर्णय बाहेरून कुणी देऊ नये.

एक सापळा मात्र सांगून ठेवते, कारण हुशार मुलं त्यातच अडकतात. आईच्या व्यवसायाचं रूपक करू नका. 'तिने मलाही नव्याने जन्म दिला', 'ती विचारांची सुईण होती' वगैरे. जगातलं सर्वांत प्रसिद्ध मिडवाइफपुत्र म्हणजे सॉक्रेटिस. त्याची आई फेनारेटी सुईण होती, आणि मी आईचाच धंदा करतो, लोकांच्या मनातले विचार जन्माला घालायला मदत करतो, असं प्लेटोच्या संवादात तो म्हणतो. रूपक जवळपास अडीच हजार वर्षं टिकलं. फेनारेटीबद्दल मात्र नाव आणि व्यवसाय यापलीकडे फारसं काही उरलं नाही. कुठल्या अडलेल्या बाईला तिने कसं सोडवलं, ती रात्री कुणाला घरी ठेवून जायची, मुलाने काहीच लिहून ठेवलं नाही.

मृत्यूंबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीच विचारत नाही म्हणून सांगते. इतकी वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या कुठल्याही मिडवाइफच्या हातांवर काही बाळं गेलेली असतात, कदाचित एखादी आईही. सगळं सुखरूपच झालं असा लेख आमच्या पेशातल्या माणसाला खोटा वाटतो. तपशील नको, दोषारोप तर नकोच. पण मृत बाळ जन्मल्यावर ती काय करायची, हे सहकाऱ्यांना विचारा. पूर्वी बऱ्याच ठिकाणी असं बाळ आईला न दाखवता झटकन हलवत, तिला त्रास नको म्हणून. काही मिडवाइफ नियम मोडून बाळ नीट पुसून, गुंडाळून आईच्या हातात देत. आज बहुतेक ठिकाणी आईला तशी संधी देणंच योग्य मानतात. तुमची आई कोणत्या बाजूची होती? अशा दिवशी ती घरी येऊन कशी वागायची? मी ज्या मुलांशी बोलले त्यांतल्या काहींना हे लख्ख आठवतं: त्या दिवशी आई विनाकारण आम्हाला जवळ घेऊन बसायची, किंवा उलट, कुणाशी न बोलता कपाट आवरत राहायची. कारण तेव्हा कळलं नव्हतं. तारखा आणि रजिस्टर जुळवत बसू नका, पण हा प्रश्न मनात ठेवून तुमच्या आठवणी पुन्हा चाळा. कामाची आणि घराची वही जिथे जुळते असं मी वर म्हटलं, ते ठिकाण बहुधा इथे सापडतं.

यालाच जोडून गोपनीयतेचा मुद्दा. बाळंतपणाच्या गोष्टी तुमच्या आईच्या आठवणीत असल्या तरी त्या त्या बाईच्या आहेत. गुप्तता पाळणं हा मिडवाइफांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतला नियम आहे आणि तो मृत्यूने संपत नाही. कुणाचं नाव, गाव, तारीख येऊ देऊ नका. लहान वस्तीत तर 'जुळी झाली ती' एवढं म्हटलं तरी ओळख पटते. लग्नाआधीचं, लपवलेलं, दत्तक दिलेलं, असं काही आईने घरात कधी बोलून दाखवलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. ज्या बायका आपणहून पुढे येऊन 'आमची आठवण छापा' म्हणतात, त्यांना मजकूर छापण्याआधी दाखवा आणि लेखी होकार घ्या. रजिस्टरचं पान छायाचित्र म्हणून छापायचा मोह होईल, फार देखणं दिसतं ते. आईचं अक्षरच दाखवायचं असेल तर तिच्या विद्यार्थिदशेतल्या वहीतली वारेची किंवा श्रोणीची (कमरेच्या हाडांच्या पोकळीची) आकृती छापा.

लांबीचं म्हणाल तर मुख्य लेख पुस्तिकेची चार-पाच पानं झाला तरी पुष्कळ. जन्म, शिक्षण, नेमणुका, निवृत्ती हे सगळं एका चौकटीत टाका, म्हणजे लेखाची सुरुवात तारखांनी करावी लागणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने मिडवाइफांचं ज्ञान आणि कौशल्य मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, 5 मे हा आंतरराष्ट्रीय मिडवाइफ दिन असतो, हे असलं काही हवं असेल तर तेही चौकटीतच.

सुरुवात फोन करण्यापासून करा, लिहिण्यापासून नको. आईच्या बॅचच्या बायका आता वयस्कर असतील; त्यांतली सगळ्यांत थोरली कोण ते शोधून पहिल्यांदा तिच्याकडे जा. मसुदा तयार झाला की सध्या काम करत असलेल्या एखाद्या मिडवाइफला वाचायला द्या. वार आधी की टाके आधी, इंजेक्शन कधी, ठोके कुठे ऐकतात, असल्या चुका घरच्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. कुणी ओळखीचं नसेल तर मला पाठवा, कामाचा भाग मी तपासून देईन. घराचा भाग मी वाचेन, पण त्यात पेन्सिल लावणार नाही.